वाड्यातलं वाय-फाय: आधी कुलूप, मग कॅमेरा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड. राउटर माडीवर, कॅमेरा दिंडीदरवाज्यात. सिग्नल पोचणार कसा? शेवटी राउटर जिन्याच्या तोंडाशी फडताळावर ठेवला आणि कॅमेरा राउटरच्या दोन बँडांपैकी (रेडिओलहरींचे पट्टे) २.४ गिगाहर्ट्‌झवर जोडला. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान खरा, पण भिंत दिसली की दम टाकतो.

खरं काम यापुढेच. राउटरच्या बुडाशी स्टिकर असतो, त्यावरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी, ब्राउझरमध्ये टाका. आत शिरलात की सगळ्यात आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा, राउटरच्या सेटिंग उघडायचा हा वेगळा. इथे भलेभले गफलत करतात. मी स्वतः दोन वर्षं ‘अ‍ॅडमिन’च ठेवला होता! २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, असेच मूळचे पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. कॅमेऱ्याचाही पासवर्ड बदला.

वाय-फायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए-३ (जोडणी सांकेतिक ठेवायची नवी पद्धत) निवडा, जुना फोन रुसला तर आधीची डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं असेल तर करून टाका.

मग गेस्ट नेटवर्क, म्हणजे मुख्य वाय-फायपासून तुटक असं पाहुण्यांचं वाय-फाय, चालू करून कॅमेरा, दिवे, टीव्ही तिकडे ढकला. बँकेची कामं होतात तो फोन आणि लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर. यामुळे फोनवरचे फोटो टीव्हीवर दिसेनात, म्हणून काकू अजून कुरकुरतात.

शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. आमची अकरा निघाली. नऊ ओळखीची, दहावं भाऊंचं घड्याळ. अकरावा समोरच्या दुकानातला पोरगा, गणपतीत पासवर्ड घेऊन गेलेला.