काडेपेट्यांच्या पायऱ्या आणि समान राशी

सातवी-आठवीला बैजिक राशी शिकवताना मी बरीच वर्षं एक चूक करत होते. फळ्यावर कंस सोडवायचा, सजातीय पदं एकत्र करायची आणि "या दोन्ही राशी समान" म्हणून पुढे जायचं. मुलं उत्तरं बरोबर आणायची, पण "समान म्हणजे काय गं?" असं विचारलं की गप्प. आता मी सुरुवात घनफळापासून करते. वस्तू एकच असते, ती मोजायच्या वाटा अनेक. म्हणून राशी वेगळ्या दिसल्या तरी घनफळ एकच येणार, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

दोन-तीन मुलांच्या गटाला सारख्या आकाराच्या चार रिकाम्या काडेपेट्या द्या. पेटीची लांबी ल, रुंदी र, उंची उ. दोन पेट्या लांब बाजूने चिकटवून आडव्या ठेवायच्या, तिसरी मागच्या पेटीवर. झाल्या दोन पायऱ्या. चौथी पेटी तुमच्याकडेच ठेवा, ती लागणार आहे. आता "याचं घनफळ लिहा" एवढंच सांगा. कसं, ते सांगू नका.

कुणी आडवे थर पाहतं : ल × २र × उ + ल × र × उ. कुणी उभे पाहतं, मागचा उंच खांब आणि पुढचा बुटका : ल × र × २उ + ल × र × उ. एखादं मूल अख्खा ठोकळा धरून कोपरा वजा करतं : ल × २र × २उ − ल × र × उ. तिन्ही राशी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि ज्याने लिहिली त्यालाच पेट्यांवर बोट ठेवून समजावू द्या. सरळ रूप द्यायची घाई इथे अजिबात नको.

तिसऱ्या राशीत हमखास चूक होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने २र × २उ चं २रउ केलं, वजाबाकी केली आणि उत्तर आलं लरउ, म्हणजे एकच पेटी. मी काही बोलले नाही, चौथी पेटी तिच्या हातात दिली. तिने ती रिकाम्या कोपऱ्यात बसवली, पेट्या मोजल्या, चार! मग स्वतःच वहीत २ खोडून ४ केले. ४लरउ − लरउ = ३लरउ. त्यातला ३ हा सहगुणक, म्हणजे अक्षरांना गुणणारा अंक : समोरच्या तीन पेट्या.

दुसऱ्या तासाला टेप घेऊन शाळेच्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर जा. खऱ्या पायऱ्या सारख्या नसतात आणि तेच आपल्याला हवं असतं. आमच्याकडे रुंदी १२० सेमी, प्रत्येक पाऊल, म्हणजे पाय ठेवायच्या जागेची खोली, ३० सेमी, खालच्या पायरीची उंची १८, वरचीची १५. रुंदी ल, पाऊल प, उंची क आणि ख धरली की राशी अशा येतात : २लपक + लपख, लप(क + ख) + लपक, २लप(क + ख) − लपख. किमती घातल्या की तिन्हींचं उत्तर १,८३,६०० घसेमी. लप सामाईक काढून लप(२क + ख) हे रूप मग मुलं आपणहून मागतात, कारण आकडेमोड किती कमी होते ते त्यांनी नुकतंच अनुभवलेलं असतं.

यानंतर उघडा खोका. २० सेमी × १२ सेमी पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापून कडा वर दुमडायच्या. घनफळ क्ष(२० − २क्ष)(१२ − २क्ष). बरीच मुलं २० − क्ष लिहितात. क्ष = २ घेऊन खोका करायला लावा आणि तळ पट्टीने मोजायला सांगा : १८ नाही, १६ भरतो. कात्री दोन्ही टोकांना चालली होती, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. मग तीच राशी ४क्ष(१० − क्ष)(६ − क्ष) अशी, आणि गुणाकार करून ४क्ष³ − ६४क्ष² + २४०क्ष अशी लिहा. क्ष = २ ला तिन्हींची किंमत २५६ घसेमी.

पण एका किमतीवर थांबू नका. क्ष³ आणि ४क्ष यांत २ घाला, दोन्हीकडे ८. मुलं खुशीत "समान!" म्हणतात. लगेच ३ घालायला सांगा : २७ आणि १२. एका किमतीला जुळणं वेगळं, क्ष काहीही असलं तरी जुळणं वेगळं. हा फरक कळायला मी अख्खा तास देते. खोक्याच्या राशींत ०, १, २, ३ घालून पाहा : ०, १८०, २५६, २५२. या राशींची कोटी, म्हणजे क्ष चा सगळ्यात मोठा घातांक, ३ आहे, त्यामुळे चार वेगळ्या किमतींना जुळल्या की त्या समानच असतात. याचं कारण आठवीला सांगायची गरज नाही, पण तपासायला किती किमती पुरतात ते शिक्षकाला माहीत हवं.

त्या रांगेत २५६ नंतर २५२ आलेलं एखादं मूल टिपतंच आणि विचारतं, "बाई, मग सगळ्यात मोठा खोका कितीला कापला की होईल?" त्या दिवशी घरचा अभ्यास तोच द्या.