नैराश्याची आणि एकाग्रतेची गोळी सोबत चालू आहे? मग या चुका टाळा

धुळ्यात औषधाच्या दुकानात इतकी वर्षं बसतोय, की गिऱ्हाईक पायरी चढतानाच काय विचारणार ते कळतं. हल्ली एक प्रश्न वाढलाय: "दादा, या दोन गोळ्या सोबत चालतात ना?" एक नैराश्याची असते, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन यांपैकी काहीतरी. दुसरी एडीएचडीची, लक्ष टिकत नाही म्हणून दिलेली. आपल्याकडे यातलं उत्तेजक औषध म्हणजे बहुतेक वेळा मिथाइलफेनिडेट. एकाच डॉक्टरांनी दोन्हींचा विचार करून दिल्या असतील तर बहुतेकांना चालतात. नाडी, रक्तदाब, झोप आणि भूक यांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. बिघडतं ते बहुधा मधे आपण आपल्या मनाने काहीतरी घुसवतो तेव्हा.

सर्दीची साधी गोळी

हिच्याइतका वैताग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. मिथाइलफेनिडेट नाडी आणि रक्तदाब थोडा वाढवतं. व्हेन्लाफॅक्सिनचा डोस वाढला की तेही रक्तदाब वाढवू शकतं. डॉक्टर हे हिशेबात धरूनच डोस ठरवतात. पण शिंका आल्या की माणूस किराणा दुकानातून पाकीट उचलतो. त्यातलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करताना रक्तवाहिन्या आवळतं, आणि बऱ्याच पाकिटांत वर कॅफिनही असतं. कोरड्या खोकल्याच्या सिरपात असलेलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन तर थेट सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या रसायनाच्या कामात हात घालतं. नैराश्याच्या या गोळ्याही तिथेच काम करतात.

एका मे महिन्यात भर दुपारी पारोळ्याकडची एक बाई मुलाला घेऊन आली. "दादा, पोऱ्याले ऊन लागनं. हातपाय थरथर करी ऱ्हायनात." पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, पुण्याहून सुट्टीला आलेला. घरी कैरीचं पन्हं झालं होतं, कांद्याचा रस तळपायाला चोळून झाला होता. आपल्याकडचं ऊन म्हटल्यावर दुसरं काही सुचणारही नाही. पण पोराचा शर्ट घामाने चिंब, बाहुल्या मोठ्या, आणि बाकावर बसल्या बसल्या पाय आपोआप झटके देत होता. जुलाबही सुरू झाले होते. रक्तदाब मोजला तर खालचा आकडा शंभराच्या वर.

बाईंना म्हटलं, पिशवी उलटी करा. त्यातून व्हेन्लाफॅक्सिन निघालं, मिथाइलफेनिडेट निघालं, सर्दीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं आणि जवळजवळ रिकामी झालेली खोकल्याची बाटली निघाली. पहिल्या दोन गोळ्यांवर तो कित्येक महिने व्यवस्थित होता. बाटली आदल्या संध्याकाळी उघडलेली. झाकणाने मोजून घ्यायचं सिरप त्याने तोंडाला लावूनच घेतलं होतं, कारण "लवकर बरं व्हायचं होतं". चारही वस्तू त्याच पिशवीत परत भरून रिक्षाने दवाखान्यात पाठवलं. रात्रभर ठेवून घेतलं, सुटला. डॉक्टरांनी सेरोटोनिन सिंड्रोम सांगितला, म्हणजे सेरोटोनिनचा अंगात झालेला अतिरेक.

असा त्रास सहसा नवं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर 24 तासांच्या आत दिसतो. बेचैनी, घाम, थरथर, पायांचे झटके, जुलाब, आणि वाढत गेला तर सणकून ताप. ऊन लागलंय की औषध लागलंय याचा निकाल घरी लावत बसू नका. दोन्हींना दवाखानाच लागतो; गाडी नसेल तर 108 लावा. रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या, डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. अंगदुखीवरचं ट्रॅमाडॉल आणि लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक, ही दोन नावंही लक्षात ठेवा. तीही याच वाटेने गोंधळ घालतात.

दोन गावांचे दोन डॉक्टर

नैराश्याचा कागद धुळ्याचा किंवा जळगावचा, एडीएचडीचा कागद पुण्याचा किंवा नाशिकचा, आणि या डॉक्टरांना त्या डॉक्टरांचा पत्ता नाही. का सांगितलं नाही, तर "ते काय म्हणतील". ते काही म्हणत नाहीत हो, डोस कमी करतात! नमुना सांगतो. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं औषध उत्तेजक नाही, म्हणून लोक ते बिनधास्त घेतात. ते शरीरातून काढायचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं, आणि फ्लुओक्सेटिन व पॅरॉक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या नेमकं तेच एन्झाइम अडवतात. मग नेहमीच्याच डोसाने रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी चढतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते. फ्लुओक्सेटिन बंद केलं तरी त्याचा अंमल काही आठवडे राहतो, त्यामुळे "ती तर मागच्या आठवड्यातच सोडली" हे कारण चालत नाही. मी प्रत्येकाला सगळ्या गोळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये एका जागी ठेवायला लावतो आणि कुठल्याही दवाखान्यात आधी तेच दाखवायला सांगतो. दातवाल्याकडेसुद्धा.

"ही लागू पडते, ती पडत नाही"

मिथाइलफेनिडेटचा असर तासाभरात कळतो. नैराश्याच्या गोळीला दोन ते सहा आठवडे लागतात. उतावळा माणूस आठव्या दिवशी नैराश्याची बंद करतो आणि वर मलाच सांगतो, की "एकीनेच फ्रेश वाटतं, दुसरी कशाला?" तो फ्रेशपणा संध्याकाळी उतरतो, तेव्हा चिडचिड आणि उदासी आणखी बोचते. महिनोन् महिने चालू असलेली गोळी तडकाफडकी सोडली की चक्कर येते, मळमळतं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन यात सगळ्यात वाईट. सोडायचीच असेल तर डॉक्टर पायरी पायरीने उतरवतात.

आणि एक. गोळी सुरू केल्यावर झोपेची गरजच वाटेनाशी झाली, बोलणं थांबेना, पैसा उधळायला लागला, तर घरच्यांनी "पोरगा खुलला" म्हणून पेढे वाटू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.

बाकीच्या चुका मी रोज तेवढ्याच रागाने सांगतो, पण थोडक्यात. उत्तेजक गोळी दुपारनंतर घेऊ नका. रात्री डोळा लागत नाही आणि मग माझ्याकडे झोपेची गोळी मागायला येता. भूक मरते, म्हणून गोळीआधी सकाळीच कळण्याची भाकरी पोटभर खा. हळूहळू विरघळणारी गोळी फोडू नका, चावू नका. अभ्यासाच्या रात्री चहाचे पेले मोजा. बुप्रोपिऑन ही नैराश्याची गोळी चालू असेल आणि पूर्वी कधी फिट आली असेल तर ते सांगितल्याशिवाय उत्तेजक घेऊ नका. मित्राची गोळी परीक्षेपुरती उसनी घेणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

राहिला माझ्या काउंटरवरचा रोजचा तंटा. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कायद्यातल्या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. त्याला वेगळा परवाना लागतो, म्हणून तालुक्याच्या गावी ते सहसा मिळत नाही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. शहाद्याहून किंवा तळोद्याहून एसटीने यायचं असेल तर शेवटची स्ट्रिप अर्धी असतानाच निघा, आणि दुसरी प्रत घरी विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मी घेणार नाही.