पिकअपवर तंबू चढवण्याआधी दारावरचा स्टिकर वाचा

अमेरिकेत फोर्ड एफ-१५०सारखा मोठा पिकअप कॅम्पिंगसाठी सजवताय? आधी ड्रायव्हरचं दार उघडा. टायरच्या हवेची माहिती असलेल्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते छापलेलं असतं. टपावरचा तंबू, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी), सगळं त्यातूनच वजा होतं. पाणी तर हमखास फसवतं: २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, आणि युटाच्या वाळवंटात एका कॅनवर भागत नाही. हे कॅन हौद्यात केबिनला टेकवून, तळाशी, पट्ट्यांनी आवळून बांधा. मागच्या फळीजवळ अजिबात नको. तिथल्या वजनाने पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंगची पकड सुटते. जाड स्प्रिंग बसवल्या तरी स्टिकरवरचा आकडा वाढत नाही.