साधं सॉफ्टवेअर पुरेल की मोठं लागेल? एक जुना फोटो घेऊन ठरवा

सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंनी मध्यंतरी वहीच्या पानात गुंडाळलेला एक फोटो आणून दिला. त्यांच्या लग्नाचा, कृष्णधवल, जेमतेम तीन बाय चार इंचाचा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा त्यांचं कपाट पाण्याखाली गेलं होतं. फोटोच्या खालच्या अर्ध्या भागावर गाळाचा तपकिरी डाग चढलेला, एक कोपरा फुगलेला.

“बाळा, एवढा एकच राहिलाय बघ. नातवानं कंप्युटरवर करून दिला, पण डाग हाय तिथंच आणि माझं तोंड पांढरंफटक झालंय.”

नातवानं काही चुकीचं केलं नव्हतं. त्याच्याकडं होतं त्या सॉफ्टवेअरमध्ये उजेड वाढवला की अख्ख्या फोटोचा वाढतो. साधं आणि मोठं सॉफ्टवेअर यांतला फरक समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी. फीचर्सच्या लांबलचक याद्या वाचून काही ठरत नाही. तुमच्याकडचा एक खरा फोटो घ्या, एक खरं काम घ्या आणि साध्यापासून वर चढत जा. जिथं अडेल तिथं पुढची पायरी.

आधी कागदावर लिहून काढा, गेल्या महिन्यात फोटोचं काय काय काम पडलं. बहुतेक घरांत यादी अशी निघते: फॉर्मसाठी फोटो लहान करणं, तिरका फोटो सरळ करणं, कडेचा नको तो भाग कापणं, पासपोर्ट साइज काढणं. एवढंच असेल तर काहीही नवीन उतरवून घेऊ नका. विंडोजमधलं फोटोज आणि पेंट पुरतं. पेंट १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून सोबत आहे आणि विंडोज ११ मध्ये २०२३ साली त्यात लेयरसुद्धा (चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर) आले.

पासपोर्ट फोटोचं माप लक्षात ठेवा: ३५ बाय ४५ मिलिमीटर. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापायचा तर ४१३ बाय ५३१ पिक्सेल. आधी त्या प्रमाणात क्रॉप करा, मग पेंटच्या ‘रिसाइज’मध्ये पिक्सेल निवडून हे आकडे घाला. चार बाय सहा इंचाच्या कागदावर असे आठ फोटो बसतात, फक्त फोटो आडवे लावावे लागतात: ३५ मिलिमीटरची बाजू लांबीकडं, तिथं चार, आणि रुंदीकडं दोन. उभे लावले की सहाच बसतात.

भरतीच्या फॉर्मला मात्र पेंट कमी पडतं. तिथं पुष्कळदा ‘२० ते ५० केबी’ अशी अट असते आणि पेंटमध्ये जेपेगची गुणवत्ता ठरवता येत नाही. फोटोचं माप कमीजास्त करत अंदाजानं जावं लागतं. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना ‘क्वालिटी’ची पट्टी सरकवली आणि प्रीव्ह्यू चालू ठेवला की फाइल किती केबीची होणार ते तिथंच दिसतं.

आता काकूंचा फोटो. हे काम मी सविस्तर सांगतो, कारण फरक इथंच डोळ्यांनी दिसतो.

पहिली गोष्ट, स्कॅन. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. का ते पुढं येईल. तीन बाय चार इंचाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की १८०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयला सहा बाय आठ इंचाची प्रत निघते. फाइल टिफ किंवा पीएनजी ठेवा. जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडी माहिती टाकून देतं आणि ती परत येत नाही. आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

मग तो फोटोजमध्ये उघडून बघा. सरळ झाला, कडा कापल्या, कॉन्ट्रास्ट वाढला. डाग मात्र आणखी उठून दिसायला लागला. साध्या सॉफ्टवेअरची हद्द इथं संपली.

पुढची पायरी गिंप. ते १९९६ पासून लोकांपुढं आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फोटो उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून लेयरची दुसरी प्रत करा. मूळ खाली तसंच राहू द्या. आता ‘कलर्स’ मेनूत ‘कंपोनंट्स’, त्यात ‘एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट’, आणि यादीतून लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला फक्त लाल उजेडाचा भाग, निवडा.

हे केलं तेव्हा मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. डाग जवळजवळ गेला होता आणि त्याखालून मुंडावळीचे मणी वर आले, एकेक मोजता येतील असे. कारण सरळ आहे. तपकिरी-पिवळा डाग निळा उजेड शोषतो आणि लाल उजेड परत पाठवतो. त्यामुळं निळ्या चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो आणि लालमध्ये फिकट. स्कॅन रंगीत नसता तर हे तीन चॅनेल वेगळे मिळालेच नसते. फोटोज आणि पेंट अख्खं चित्र एकच पदार्थ समजून हलवतात, मोठं सॉफ्टवेअर ते सुटं करून हातात देतं.

त्यानंतर ‘लेव्हल्स’. आलेखाच्या दोन्ही टोकांचे त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आत ओढले की करडा पडलेला फोटो खुलतो. मग ‘लेयर’ मेनूतून ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ घ्या आणि त्या नव्या लेयरवर ओरखडे बुजवा. त्यासाठी ‘हील’ टूल, की एच. कंट्रोल दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करायचं आणि ओरखड्यावर छोट्या ब्रशनं टिपत जायचं. साडीच्या काठासारख्या ठळक रेषेजवळ हील रंग फासतं, तिथं ‘क्लोन’ वापरा. घाई करू नका. मला या एका फोटोला दोन संध्याकाळी लागल्या.

राहिला काकूंचा चेहरा. त्याला तेवढ्यापुरता उजेड हवा होता. लेयरची आणखी एक प्रत करा, ‘कर्व्ह्‌ज’नं उजळा, लेयरवर उजवं क्लिक करून ‘ॲड लेयर मास्क’मध्ये काळा मास्क घ्या. सगळा उजेड झाकला जाईल. मग मऊ ब्रशनं फक्त चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवा, तेवढाच भाग उजळतो. जास्त झालं तर काळ्यानं परत झाका.

सॉफ्टवेअर तोलताना मी एकच प्रश्न विचारतो: काल केलेला एखादा बदल, बाकीचं न बिघडवता, आज एकटा मागं घेता येतो का? पेंटमध्ये लेयर आले, पण मास्क आणि लेव्हल्स नाहीत. पेंट डॉट नेट हे मधलं सॉफ्टवेअर आहे: विंडोजसाठी, हलकं, त्यात लेयर आणि लेव्हल्स दोन्ही आहेत. गिंपच्या मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत तर बरेचसे फिल्टर लेयरवर सुटे राहतात, नंतर बदलता येतात. फोटोशॉपमध्ये ही सोय ॲडजस्टमेंट लेयरच्या रूपानं फार आधीपासून आहे.

मग फोटोशॉप कुणी घ्यावं? ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी. छपाईसाठी सीएमवायके (छापखान्याच्या चार शायांच्या) फायली तयार करणारे, रोज लग्नाच्या शेकडो रॉ फायली (कॅमेऱ्याच्या कच्च्या फायली) हाताळणारे, आणि ज्यांच्याकडं गिऱ्हाईक पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल पाठवतं ते. गिंप पीएसडी उघडतं, पण त्यातलं सगळंच जसंच्या तसं येत नाही. २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर मिळतात, तेव्हा त्या पैशाचं काम महिन्याला होतंय का ते बघा. पेन ड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक कॉपी घेऊ नका. तिच्याबरोबर व्हायरस आला आणि घरच्या फोटोंचं फोल्डर गेलं, तर पुरानं केलं तेच आपल्या हातानं होईल.

मराठी मजकूर घालणार असाल तर एक चाचणी आधी करा: ‘श्री’, ‘लग्नपत्रिका’, ‘मिरज’ असे शब्द युनिकोडमध्ये टाइप करून बघा. गिंपमध्ये जोडाक्षरं नीट येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी सुटली किंवा अक्षरं फुटली तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. पत्रिका आणि फ्लेक्सचं मूळ काम मात्र कोरलड्रॉसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरचं (जे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांनी चित्र बनवतं) आहे, ते फोटोच्या सॉफ्टवेअरकडून करून घेऊ नका.

मशीनचाही विचार हवा. २४ मेगापिक्सेल फोटोचा एक लेयर मेमरीत साधारण ९६ एमबी घेतो. दहा लेयर झाले की जवळपास एक जीबी, शिवाय विंडोज आणि ब्राउझर वेगळे. ४ जीबी रॅमवर ब्रश अडखळतो, ८ जीबीवर निवांत काम होतं.

फोटोचा फुगलेला कोपरा तसाच ठेवला. तिथं कुणीतरी उभं होतं, चेहरा पूर्ण गेलाय. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून एआयनं रिकामी जागा भरता येते, पण ते तिथं दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा बसवेल. घरच्या फोटोत असं करू नये, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी दोन फायली ठेवा: लेयरसकट एक्ससीएफ (गिंपची स्वतःची फाइल) आणि छापायला एक्स्पोर्ट केलेली पीएनजी. मी प्रत काढून काकूंना दिली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ बघितली, मणी बोटानं मोजले, आणि म्हणाल्या, “चेहरा जरा उतरव रे. मी एवढी गोरी नव्हते, यांना विचार.” एक्ससीएफ उघडली, चेहऱ्याच्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, १०० वरून ६० वर आणली आणि दुसरी प्रत काढली.