व्हिलातल्या जकुझीत उतरायच्या आधी एवढं बघून घ्या

लोणावळा, कर्जत, अलिबाग कुठेही वीकेंडला व्हिला बघायला घ्या, फोटोत जकुझी असतेच आता. बाहेर धो धो पाऊस आणि आपण गरम पाण्यात, मजा येते यात वादच नाही. फक्त व्हिलावर बऱ्याचदा एकच केअरटेकर काका असतात, किल्ली तेच देणार, चिकन तेच करणार आणि जकुझीही तेच चालू करून देणार, मग पाणी नीट आहे का हे बघायचं काम आपलंच धरून चाला.

१. पाणी कधी बदललं ते विचारा

जकुझी दोन प्रकारची असते. एक बाथरूममधली, म्हणजे जेट लावलेला बाथटबच, दरवेळी भरायचा आणि सोडून द्यायचा. यात जेटच्या पाइपांत मागच्या पार्टीचं पाणी साचून राहिलेलं असू शकतं, म्हणून एकदा टब भरून जेट पाचेक मिनिटं चालवा (तेव्हा त्यावर वाकून उभे राहू नका, खिडकी उघडी ठेवा), ते पाणी सोडून द्या आणि मग आपल्यासाठी परत भरा.

दुसरी टेरेसवरची किंवा लॉनवरची मोठी, जिच्यात तेच पाणी फिल्टर होऊन दिवसेंदिवस फिरत राहतं. इथे सगळा खेळ क्लोरीनचा.

२. टेस्ट स्ट्रिपने चेक करा

पूलच्या टेस्ट स्ट्रिप्स ऑनलाइन मिळतात, फार महाग नसतात, एक डबी बॅगेत टाकून ठेवली की झालं. पाण्यात बुडवायची, डबीवरच्या रंगांशी जुळवायची. पीएच ७.० ते ७.८ च्या मधे हवा आणि क्लोरीन निदान ३ पीपीएम, क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरत असतील तर ते ४ ते ८. साध्या पूलला १ पीपीएम क्लोरीन चालतं, पण गरम पाण्यात ते भराभर उडून जातं, त्यात चार-सहा जणांचा घाम आणि सनस्क्रीन पडलं की उरलंसुरलंही संपतं. म्हणून उतरायच्या आधी साबण लावून अंघोळ करून घ्या, नुसतं पाणी ओतून घेणं म्हणजे अंघोळ नाही. क्लोरीन १० पीपीएमच्या वर दिसलं तरी उतरू नका.

स्ट्रिप नसेल तर डोळे, नाक आणि हात वापरा. तळ स्वच्छ दिसला पाहिजे, आतली भिंत बुळबुळीत नको, आणि "क्लोरीनचा मस्त वास येतोय म्हणजे पाणी क्लीन आहे" हा तर मोठाच गैरसमज, कारण डोळ्यात जाणारा तो उग्र वास क्लोरीन घाणीशी भिडून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो.

एवढं का करायचं? घाण पाण्यातल्या स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूने अंगावर लाल खाजरे पुरळ येतात, स्विमसूटखाली जास्त. ते बहुतेक वेळा आपोआप जातात, पण लिजिओनेला हा जिवाणू वाईट, तो कोमट-गरम पाण्यात वाढतो आणि जेटमुळे उडणाऱ्या बारीक तुषारांतून थेट फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. १९९९ मधे नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात एक हॉट टब नुसता दाखवायला चालू ठेवला होता, त्यातून साथ पसरली आणि निदान ३२ माणसं गेली. आजारी पडलेल्यांपैकी बरेचसे तर फक्त शेजारून चालत गेले होते.

३. टेंपरेचर ४० च्या वर नको

४० डिग्री सेल्सिअस ही मोठ्या माणसांची वरची लिमिट, आरामात बसायला ३७-३८ पुष्कळ झालं. डिस्प्लेवर १०४ दिसलं तर दचकू नका, ते फॅरनहाइट असतं. आता ग्रुपमधे कुणीतरी म्हणणारच की वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात याहून गरम पाण्यात लोक अंघोळ करतात की. करतात, पण डुबकी मारून बाहेर येतात, बिअर घेऊन तासभर बसत नाहीत.

४. बिअर नंतर

हे कुणाला आवडणार नाही, माहितीये. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं, दारूनेही तेच होतं, वर झोप येते आणि चक्कर येतेय हे कळतच नाही, मग माणूस हळूच पाण्याखाली घसरतो आणि जेटच्या फेसात बाजूच्यालाही दिसत नाही. आधी जकुझी, मग पार्टी, आणि एकट्याने तर नाहीच. एका वेळी १५ मिनिटं, मग बाहेर, पाणी प्या, वाटलं तर परत जा.

प्रेग्नंट बायकांनी, खासकरून पहिल्या तीन महिन्यांत, टाळलेलंच बरं. पाच वर्षांखालच्या मुलांना अजिबात नको. बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि डायबिटीसमुळे पाय बधिर झालेल्यांना पाणी किती गरम आहे तेच कळत नाही, त्यांनी पायाने अंदाज घेऊ नये. जुलाब चालू असतील किंवा उघडी जखम असेल तर सरळ सुट्टी घ्या.

५. तळाची जाळी आणि वायरी

जिथून पाणी खेचलं जातं तिथली जाळी तुटलेली किंवा गायब असेल तर विषय संपला, उतरायचंच नाही. त्या ओढीत केस किंवा अंग अडकलं तर मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेत २००२ मधे सात वर्षांची एक मुलगी अशीच गेली आणि २००७ मधे तिच्या नावाने जाळीचा कायदा झाला. केस वर बांधा, आणि पंपाचा स्विच कुठे आहे ते उतरायच्या आधीच बघून ठेवा.

चार्जिंगला लावलेला फोन किंवा वायरवाला स्पीकर काठावर नको. बोर्डावर आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते काकांना विचारा, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो खाली पडून वीज बंद झाली पाहिजे. पडला नाही तर जकुझी बंद.

६. बाहेर येताना

झटकन उभे राहू नका, आधी दोन मिनिटं काठावर बसा. कुणाची शुद्ध हरपलीच तर डोकं पाण्यावर धरा, पंप बंद करा, बाहेर काढून आडवं झोपवा आणि १०८ ला फोन लावा. श्वास चालू नसेल तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सीपीआर चालू ठेवा. आणि घरी आल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप असं काही सुरू झालं तर डॉक्टरांना जकुझीत बसलो होतो हे आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.