नव्या विक्रेतीच्या पहिल्या चार पार्ट्या: लीडरने सोबत कशी करावी

घरगुती पार्टीतून, म्हणजे एखाद्या यजमानिणीच्या घरी जमलेल्या बायकांना माल दाखवून आणि ऑर्डर घेऊन, होणाऱ्या थेट विक्रीत नवीन जॉइन झालेली बाई टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा तिच्या पहिल्या चार पार्ट्यांतच ठरते. पहिली पार्टी बहिणीकडे किंवा नणंदेकडे होते, दुसरी शेजारणीकडे होते, आणि मग ओळखीची घरे संपतात. नातेवाइकांनी प्रेमापोटी घेतलेल्या दोन-तीन डब्यांना ती विक्री समजलेली असते. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात फोन वाजेनासा झाला की आपल्याला हे जमत नाही, असे ती स्वतःच ठरवून टाकते. म्हणून नव्या विक्रेतीची पार्टी एखाद्या पूर्ण अनोळखी घरी होईपर्यंत तिची सोबत सोडायची नाही, असे मी लीडर म्हणून, म्हणजे नव्या विक्रेतींना तयार करणारी जुनी विक्रेती म्हणून, ठरवले आहे. पुण्यात स्वयंपाकघरातले हवाबंद डबे आणि बाटल्या विकताना हे काम मी ज्या पद्धतीने करत आले, ती पद्धत येथे लिहिते आहे.

पार्टीच्या आधी कागद आणि पैसा

कंपनीचे सुरुवातीच्या मालाचे किट हातात आल्यावर ते उघडण्याआधी नव्या विक्रेतीसोबत बसून तिचा करार वाचावा. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ हे २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झाले असून त्यांतील काही गोष्टी तिला पहिल्याच दिवशी ठाऊक असायला हव्यात. जॉइन होण्यासाठी कंपनीला प्रवेश शुल्क घेता येत नाही. करारावर सही केल्याच्या दिवसापासून ठरावीक मुदतीत कोणताही दंड न भरता तिला त्यातून बाहेर पडता येते. आणि वाजवी काळात विकला जाईल त्याहून अधिक माल घेण्याची सक्ती किंवा आग्रह तिला करता येत नाही. शिवाय तिचे उत्पन्न विकलेल्या मालातून यायला हवे. केवळ नवी माणसे जोडल्याबद्दल पैसे मिळतील असे कोणी तिला सांगत असेल, तर तो पिरॅमिडचा प्रकार आहे आणि या नियमांनी त्यावर बंदी घातली आहे, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे.

जादा मालाबद्दल मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण मी स्वतः त्यात अडकले होते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्या वरच्या लीडरने ‘माल घरात दिसला की विक्री आपोआप होते’ असे सांगून मला एकदम पंधरा हजारांचा माल घ्यायला लावले. तो माल दोन वर्षे आमच्या माळ्यावर पडून होता आणि दर दिवाळीच्या साफसफाईत तो खाली काढून पुन्हा वर ठेवताना घरातल्यांची नजर चुकवावी लागत असे. म्हणून नव्या विक्रेतीकडे केवळ दाखवण्यापुरता माल असावा, आणि बाकीचा माल ऑर्डर आल्यावरच मागवावा.

याच बैठकीत पैशाचा हिशोब वहीत मांडून दाखवावा. समजा, एका पार्टीत आठ हजारांची विक्री झाली आणि तिचे मार्जिन २० टक्के असले, तर हातात १,६०० रुपये येतात. त्यातून रिक्षाचे २००, यजमानिणीच्या भेटवस्तूचे ३०० आणि छोट्या खेळांच्या बक्षिसांचे १५० वजा केले की ९५० रुपये उरतात. आमंत्रणाचे फोन, प्रत्यक्ष पार्टी आणि माल पोहोचवणे यांत मिळून आठ तास गेले, तर तासाला सुमारे १२० रुपये पडतात. हा आकडा पाहून एखादी मागे फिरली, तर तिला थांबवू नये. जी हा आकडा पाहूनही टिकून राहते, तिच्यासोबत पुढचे काम नीट होते.

यजमानीण आणि वेळ

पहिल्या पार्टीसाठी सर्वांत जवळचे घर निवडण्याचा मोह सर्वांना होतो. मात्र सख्ख्या बहिणीकडे पार्टी ठेवली की आलेल्या सगळ्या बायका नात्यातल्याच असतात आणि त्यांच्याकडून पुढची नवी घरे मिळत नाहीत. त्याऐवजी भिशीतली मैत्रीण, मुलाच्या शाळेच्या बसथांब्यावर रोज भेटणारी आई किंवा योगवर्गातली ओळख अशी यजमानीण शोधावी, कारण तिच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी आपल्या विक्रेतीला अनोळखी असतात. यजमानिणीशी खाण्याचे आधीच स्पष्ट बोलावे. आपल्याकडे चार बायका घरी येणार म्हटले की ढोकळ्यापासून गुलाबजामापर्यंत बेत वाढत जातो, आणि एवढा खटाटोप पाहिलेली दुसरी बाई आपल्या घरी पार्टी ठेवायला धजावत नाही. चहा आणि चिवड्यासारखा एकच कोरडा पदार्थ, एवढ्यावर थांबण्याची विनंती आवर्जून करावी.

पुण्यात वेळ निवडताना एक ते चार ही दुपार वगळावी, त्या वेळेत फोनही करू नये. पेठांमध्ये, कोथरूडला किंवा कर्वेनगरला घरी असणाऱ्या बायकांसाठी साडेचार ही वेळ चांगली असते. संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होण्याआधी सगळे आटोपते. वाकड, हिंजवडी, खराडी या भागांतल्या नोकरी करणाऱ्या बायकांसाठी शनिवारी सकाळी अकराची वेळ बरी पडते. देखभालीसाठी पाणी बंद असण्याचा वार पुण्यात बहुधा गुरुवार असतो, म्हणून गुरुवार टाळलेला बरा, कारण घरात पाणी जपून वापरले जात असताना दहा जणींचा चहा आणि आपले पाण्याचे प्रात्यक्षिक दोन्ही यजमानिणीला जड जातात. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पार्टी ठेवायची असेल, तर समितीची परवानगी लेखी घ्यावी आणि येणाऱ्यांची नावे गेटवर आधी कळवावीत.

सणांचा विचार वेगळा करावा लागतो. दिवाळीच्या फराळासाठी लागणारे डबे दसऱ्याच्या आधी विकले जातात. पितृपक्षात बऱ्याच घरी नवी खरेदी होत नाही, म्हणून ते दिवस फोन आणि आमंत्रणांसाठी वापरावेत. एप्रिल-मे महिन्यांत लोणची, पापड, कुरडया आणि वर्षभराची साठवण हा विषय स्वयंपाकघरात असतोच. नव्या विक्रेतीसाठी सर्वांत मोलाचा काळ मात्र संक्रांतीचा आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते आणि वाण म्हणून एकसारख्या पंचवीस-पन्नास छोट्या वस्तू एकाच घरी लागतात. त्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ओळखीच्या घरी जाऊन नमुना दाखवावा आणि नगाचा भाव सांगावा, कारण उशिरा विचारले की बायका तुळशीबागेतून किंवा रविवार पेठेतून वाण आणून मोकळ्या झालेल्या असतात. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे: हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर आपली पिशवी उघडू नये. त्या वाण घ्यायला आणि भेटायला आलेल्या असतात, आणि त्या बोलावण्याचा उपयोग विक्रीसाठी करणे हा यजमानिणीचा अपमान आहे.

आमंत्रण

व्हॉट्सअॅपच्या गटावर रंगीत पत्रिका टाकली की अंगठ्याची चिन्हे पुष्कळ येतात आणि माणसे येत नाहीत. म्हणून यजमानिणीने प्रत्येकीला स्वतः फोन करावा. त्या वेळी शक्य असेल तर आपल्या विक्रेतीने शेजारी बसावे. फोनवरचे बोलणे साधे असावे: ‘वहिनी, शनिवारी साडेचारला आमच्याकडे या. माझी मैत्रीण स्वयंपाकघरातले डबे दाखवणार आहे. तासाभरात होईल, आणि घेतलंच पाहिजे असं काही नाही.’ पंधरा जणींना असा फोन केला तर सात-आठ जणी येतात, असा माझा अनुभव आहे, आणि पहिल्या पार्टीला तेवढ्या पुरेशा आहेत. ‘सहज चहाला या’ असे सांगून बोलावणे आणि नंतर माल मांडणे मी माझ्या गटात चालू देत नाही. विक्रीचे बोलणे सुरू करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीचा माल आणि कशासाठी आलो हे सांगणे नियमानेही बंधनकारक आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही, म्हणून ओळखपत्र पिशवीत सर्वांत वर ठेवायला शिकवावे.

प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिकासाठी तीनच वस्तू निवडाव्यात. नव्या विक्रेतीला पिशवीतले सगळे काही दाखवावेसे वाटते, आणि बारावी वस्तू येईपर्यंत बायकांच्या आपापसांत गप्पा सुरू झालेल्या असतात. माझ्या तीन वस्तू अशा: कोथिंबिरीचा डबा, कणकेचा डबा आणि मोठा साठवणीचा डबा. कोथिंबीर चार दिवस आधी, तळाशी टिपकागद घालून त्या डब्यात ठेवावी आणि पार्टीत तोच डबा उघडावा. झाकण निघताच येणारा ताजा वास बायका स्वतः घेतात आणि मग वेगळे काही सांगावे लागत नाही. हवाबंद झाकणासाठी डबा अर्धा पाण्याने भरावा, झाकण कडेकडेने अंगठ्याने दाबत पूर्ण फिरवून बसवावे, मध्यभागी हलकेच दाबून एक कोपरा किंचित उचलावा म्हणजे आतली हवा सुटते, कोपरा पुन्हा दाबावा आणि मगच डबा ताटावर उलटा धरावा.

ही कृती घरी वीसदा केल्याशिवाय लोकांसमोर करू नये. कर्वेनगरमधल्या एका पार्टीत माझ्या नव्या विक्रेतीचे हात थरथरत होते, झाकणाचा एक कोपरा नीट बसला नव्हता, आणि डबा ताटावर नेण्याआधीच तिने तो उलटा केल्यामुळे पाणी यजमानिणीच्या सोफ्यावर सांडले. मी लगेच उठले, तिच्या हातातला डबा घेतला आणि उरलेले प्रात्यक्षिक स्वतः पूर्ण केले. विक्री त्या दिवशी चांगली झाली, परंतु त्यानंतर प्रत्येक बाई प्रश्न मलाच विचारू लागली, आणि ती मुलगी कोपऱ्यात बसून ऑर्डरच्या कागदाच्या कडा दुमडत राहिली. मी तिच्या हातात केवळ कोरडे फडके द्यायला हवे होते आणि ‘कोपरा बसला नव्हता, पुन्हा दाखव’ एवढेच म्हणायला हवे होते. ही चूक माझी होती, आणि तिची दुसरी पार्टी ठरवायला त्यानंतर मला दोन महिने लागले.

म्हणून आता मी क्रम ठरवून ठेवला आहे. पहिल्या पार्टीत सुरुवातीची ओळख मी करून देते आणि एक वस्तू दाखवते, बाकीच्या दोन ती दाखवते. दुसऱ्या पार्टीत सगळे ती बोलते आणि मी फक्त ऑर्डरचे कागद भरते. तिसऱ्या पार्टीत मी पाहुण्यांमध्ये मागे बसते आणि मला कोणी काही विचारले, तर ‘ताईंनाच विचारा’ असे म्हणून तिच्याकडे बोट दाखवते. चौथ्या पार्टीला मी जात नाही.

‘हाच डबा तुळशीबागेत शंभराला मिळतो’ हे वाक्य पुण्यात प्रत्येक पार्टीत ऐकू येते, आणि नवी विक्रेती त्यावर हमखास गोंधळते. तिने वाद घालू नये आणि बाजारातल्या मालाला नावे ठेवू नयेत. तुळशीबागेतला डबा स्वस्त आहे हे मान्य करावे, आपल्या डब्याची वॉरंटी कशाकशावर आहे ते कागदावरून वाचून दाखवावे आणि निर्णय त्या बाईवर सोडावा. भाव, पैसे देण्याची पद्धत, बदलून देण्याची आणि परताव्याची अट या गोष्टी कोणी न विचारताही सांगाव्यात. मालाबद्दल कंपनीने छापलेले असेल तेवढेच बोलावे. ‘यात ठेवलेले खाल्ले की आजार होत नाहीत’ असली वाक्ये तोंडातून निघू देऊ नयेत. ‘आणखी दोन गिऱ्हाइके आणलीत की तुमचा डबा फुकट पडेल’ असे सांगून माल खपवण्यासही नियमांत मनाई आहे.

ऑर्डर, पुढची पार्टी आणि माल पोहोचवणे

ऑर्डर घेताना विक्रेतीचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, फोन, वस्तूचे पूर्ण वर्णन, तारीख, एकूण रक्कम, माल कधी मिळेल आणि ऑर्डर रद्द कशी करता येईल, हे सगळे कागदावर लिहून एक प्रत ग्राहकाला द्यावी. पुढच्या पार्टीचे विचारणे याच वेळी करावे, आणि ते सर्वांसमोर न करता एकेकीला कागद देताना करावे. जिने सर्वांत जास्त प्रश्न विचारले, तिला आधी विचारावे. जिने सर्वांत जास्त खरेदी केली, ती बहुधा आपल्या घरी बोलावत नाही. ‘तुमच्याकडे ठेवायची का?’ असे विचारण्यापेक्षा ‘तुमच्याकडे कोणता वार सोयीचा?’ असे विचारलेले बरे, आणि नकार आला तर तो तिथेच सोडून द्यावा.

माल आल्यावर सगळ्या पिशव्या यजमानिणीकडे टाकून येऊ नये. पहिल्या दोन पार्ट्यांचा माल विक्रेतीने स्वतः घरोघरी, फोन करून, ठरलेल्या दिवशी पोहोचवावा, झाकण एकदा लावून दाखवावे आणि आठ दिवसांनी डबा कसा चालला आहे हे विचारावे. माझ्या गटातल्या अर्ध्याहून अधिक नव्या पार्ट्या अशा दारातल्या बोलण्यातून ठरल्या आहेत. झाकणाला तडा गेल्याची तक्रार आली, तर नवी ऑर्डर बाजूला ठेवून आधी तिकडे जावे. कंपनीकडून दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक ग्राहकाला स्वतःहून द्यावा.

चौथ्या पार्टीच्या दिवशी रात्री नऊला मी फोन करते. त्या वेळी विक्रीचा आकडा मी विचारत नाही. पुढची पार्टी कोणाकडे ठरली, कोणत्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही आणि पिशवीतली कोणती वस्तू बाहेर निघालीच नाही, एवढेच विचारते. पुढच्या यजमानिणीचे नाव सांगताना ‘ही कोण, मला माहीत नाही, आजच भेटली’ असे ती म्हणाली, की त्या आठवड्यापासून तिच्या ग्राहकांचे फोन नंबर, तिची वही आणि तिचा हिशोब मी तिच्याकडे सोपवते आणि मला तिने गरजेपुरता फोन करावा असे सांगते.