गावात ताण आणि व्यसनावर कार्यक्रम घेताय? आधी हे ठरवा

मंडप, माईक, पाणी, बसायची सोय हे कुणीतरी करतंच, त्यावर बैठक घालवू नका. पहिली बैठक एकाच प्रश्नासाठी घ्या: कार्यक्रम ऐकून ज्याने उद्या दारू सोडली, त्याला परवा कोण बघणार? डॉक्टर कोण, रुग्णालयात खाट कुठे, रात्री गाडी कुणाची, फोन कोण उचलणार? या चारांची उत्तरं मिळेपर्यंत तारीख जाहीर करू नका. मागच्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं. टाळ्यांच्या गजरात शपथा झाल्या, आणि दुसऱ्या रात्री एकाला झटके आले तेव्हा घरच्यांच्या हातात फक्त आमचं पत्रक होतं.

रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती एकदम तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. त्यापुढच्या दोनेक दिवसांत काहींना भास होतात, वेळ-जागेचं भान सुटतं. उपचार नसतील तर हे जिवावर बेततं. घरच्यांना वाटतं, दारूसाठी नाटक चाललंय. म्हणून व्यासपीठावरून ‘आजपासून बंद’ अशी शपथ कुणालाही घ्यायला लावू नका. पाहुण्याने आग्रह धरला तरी नाही. आधी तपासणी, मग सोडणं. उठल्याउठल्या प्यावी लागणारे आणि पूर्वी कधी झटके आलेले यांना तर डॉक्टरांशिवाय सोडायला सांगूच नका. डॉक्टरांशी आधी बोलाल तेव्हा थायमिनचंही (ब-१ जीवनसत्त्व) विचारा. ते ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा निदान सोबत द्यायला हवं, आणि घाईत तेच राहून जातं.

अफू, हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन असेल तर धोका उलट बाजूने येतो. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरते. मग जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. अशा वेळी या नशेचा परिणाम उलटवणारं औषध म्हणजे नालोक्सोन. ते जवळ कुठे मिळतं, याची चौकशी करून ठेवा.

कुणाला किती मदत लागेल हे अंदाजाने ठरवू नका. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी आहे. ८ किंवा जास्त गुण आले तर बोलायला हवं, २० किंवा जास्त आले तर थेट डॉक्टरांकडे. आणि ते डॉक्टर आधी ठरलेले हवेत, पुन्हा सांगते.

समुपदेशकाच्या खोलीवर ‘व्यसनमुक्ती’ असा फलक लावला की तिथे कुणी फिरकणार नाही. गावात कोण कुठल्या दारात गेलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. रक्तदाब-साखर तपासणीच्या रांगेतूनच आत जाता येईल अशी सोय करा. नावांची वही एकाच माणसाकडे, कुलपात.

पेरणी-काढणीचे दिवस टाळा. कर्ज आणि पीकविम्याचं नीट सांगू शकेल असा माणूस बोलवाच. ज्याची झोप हप्त्यांनी उडाली आहे त्याला नुसते श्वासाचे व्यायाम शिकवणं मला अपमानास्पद वाटतं.

आत्महत्येचा विचार येतो का, हे स्वयंसेवकांना सरळ विचारता आलं पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शिकवताना हे दोनदा सांगा, सगळे तिथेच अडखळतात. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि घरातलं कीटकनाशक त्याच दिवशी त्याच्या हाताबाहेर न्यायचं. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. साधन हाताशी नसणं एवढ्यानेही जीव वाचतो.

बायकांची बैठक वेगळी, नवऱ्यांच्या वेळेला धरून नको. मारहाण होत असेल तर ती बाई कुठे जाऊ शकते, हेही आधी शोधा. कार्यक्रमाचं पंचायत, पोलिस, शाळा यांना कळवा, बास.

पत्रकावरचा नंबर रात्री अकराला स्वतः लावून बघा. उचलला नाही तर पत्रक छापू नका. खाटेचं आदल्या दिवशी परत विचारा, ‘बघू’ म्हणाले तर कार्यक्रम पुढे ढकला.

नंतरच्या भेटी: पहिले चार दिवस रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. कोण जाणार ते नावानिशी लिहा. पुन्हा प्यायला लागलेल्याचं नाव वहीतून काढायचं नाही.